बाडेन-बाडेनची लाल चकती

१

कुंकवाची कोयरी जागच्या जागी होती. झाकणही घट्ट बसवलेलं. फक्त आतली चकती गेली होती.

कुसुमबाईंनी कोयरी खिडकीच्या उजेडात धरली, उलटी केली, तळहातावर ठोकली. हातावर चार-दोन तांदळाचे दाणे पडले, कुंकवात घोळलेले. त्याखेरीज काही नाही.

“उत्कर्ष! शिवांगी! असाल तसे इकडे या. घरात चोरी झाली आहे!”

जर्मनीतल्या वाल्डॉर्फच्या त्या इमारतीत दुपारी मोठ्याने शिंकायचीही पंचाईत. तिथे बुधवारी सकाळी हा आवाज लागला म्हटल्यावर वरच्या मजल्यावरचं कुत्रंदेखील भुंकायचं थांबलं. उत्कर्ष, म्हणजे कुसुमबाईंचा एकुलता एक मुलगा, अर्धी दाढी साबणात ठेवून धावला. मागून सून शिवांगी आली, हातात दात घासायचा ब्रश. दहा वर्षांची अन्वी आणि पाच वर्षांचा विहान अंथरुणातूनच उठून आले. देवापाशी बसलेल्या ऊर्मिलाबाई, शिवांगीची आई, गुडघ्यावर हात टेकत उठल्या. आणि बैठकीतल्या सोफ्यावरून डोळे चोळत आला गौरांग. हा कुसुमबाईंच्या भावाचा नातू, कायझर्सलाउटर्नला पीएचडी करणारा. सगळे गावाला गेल्यावर घर आणि तुळस सांभाळायला काल संध्याकाळीच आला होता.

“ह्यांची चकती गेली,” कुसुमबाई म्हणाल्या. “काल रात्री निजताना मी बघितली होती. दार आतून बंद होतं. म्हणजे चोर बाहेरचा नाही. चोर ह्या खोलीत उभा आहे.”

त्यांनी एकेकावरून नजर फिरवली.

“आणि ऐकून ठेवा. चकती नाही तर मी नाही. उद्या तुम्ही खुशाल जा बाडेन-बाडेनला. मी इथे बसून भिंती बघेन.”

पुढच्या आठवड्यात त्यांचा व्हिसा संपत होता. गुडघे बघता पुन्हा इतक्या लांब येणं होणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. उद्या नाही तर कधीच नाही.

२

ही चकती कुठली, ते आधी सांगायला हवं.

चाळीसेक वर्षांमागे यशवंतराव अंबरनाथच्या एका रसायनांच्या कारखान्यात फिटर होते. कारखान्याने तिघांना लुडविग्सहाफेनला नवी यंत्रं शिकायला धाडलं. दोघे इंजिनियर आणि तिसरे यशवंतराव, कारण यंत्र खरोखर उघडायचं कोणी तरी हवं ना! एका रविवारी तिघे उसने टाय बांधून बाडेन-बाडेनच्या कॅसिनोत शिरले. इंजिनियर मंडळींनी होतं नव्हतं ते तिथे घालवलं. यशवंतरावांनी एकच लाल चकती घेतली, खिशात टाकली आणि नुसते बघत उभे राहिले.

परत आल्यावर क्वार्टरच्या पायरीवर बसून त्यांनी ती बायकोच्या हातात ठेवली.

“कुसुम, काय ती झुंबरं! आणि माणसं हरतात तीही किती गुपचूप. आपल्याकडे मेंढीकोटात दश्शी गेली तर शेजारी जागे होतात.”

“मग तुम्ही का नाही लावलीत?”

“माझ्या हाताला यश नाही, सगळं नावात गेलं. जोडीने जाऊ. तू लाव.”

“मी? तिसरी शिकलेली बाई?”

“गोळी कुठे पडणार ते पदवीधरालाही कळत नाही गं.”

यशवंतराव होते तोवर जोडीने जाणं राहिलंच. त्यांचं जाणं म्हणजे मे महिन्यात कुसुमबाईंचं माहेर. पत्र्याची ट्रंक, फिरकीचा तांब्या, दुधातल्या दशम्या, एसटीच्या खिडकीसाठी पोरांची जुंपलेली. संध्याकाळी कंदिलाभोवती गुलामचोर. त्या सहलींचं काही ठरवावं लागत नसे. मास्तरांनी निकाल लावला की ट्रंक आपोआप माळ्यावरून खाली यायची.

इथे मात्र चार दिवसांच्या सहलीसाठी मागच्या रविवारी सभा भरली होती. उत्कर्षने कॉम्प्युटरवर तक्ता काढला होता. हिमेलफार्टचा, म्हणजे येशूच्या स्वर्गारोहणाचा सण, म्हणून गुरुवारी सुट्टी. शुक्रवार ब्रुकनटाग, म्हणजे सुट्टीला शनिवार जोडणारा पूल. वर फेरीनवोनुंग, म्हणजे सुट्टीपुरतं भाड्याचं घर.

“पण आई, मुलांना घेऊन कॅसिनोच्या गावात?” उत्कर्ष म्हणाला होता. “ऑफिसात सांगितलं तर हसतील.”

“मे महिन्यात तू कंदिलापुढे पत्ते कुटायचास तेव्हा कोण हसलं रे?”

अन्वीने डोंगरावर चढणारी रुळांची गाडी शोधून काढली होती. शिवांगीला गरम पाण्याचे झरे हवे होते. आणि सकाळी, खेळ सुरू व्हायच्या आधी, कॅसिनोची दालनं हिंडून दाखवतात, तेव्हा पोरंही चालतात, असं कळलं. झालं, ठरलं. तेवढ्यात ऊर्मिलाबाईंनी जपाची माळ ओढता ओढता मान वर केली.

“गुरुवारऐवजी एखादा दिवस अलीकडे-पलीकडे नाही का जमणार?”

“विहीणबाई,” कुसुमबाई म्हणाल्या, “जर्मन सरकारने सुट्टी तुमचं पंचांग विचारून दिलेली नाही.”

सगळे हसले. ऊर्मिलाबाईही हसल्या, जरा उशिरा.

“बरं, मग गाडी तरी हळू चालवा हो, उत्कर्षराव. मागच्या वेळी तो काटा बघून माझा जप चुकला.”

“मम्मी, आउटोबान आहे!” उत्कर्ष म्हणाला. “सरळ दक्षिणेला, तासाभरात पोचतो.”

तो रविवार. आणि आज बुधवारी चकती गायब. सभेला बसलेल्यांपैकी कोणाला तरी ती बाडेन-बाडेनला पोचू द्यायची नव्हती. कुसुमबाईंनी पदर खोचला. अंबरनाथच्या क्वार्टरमधले नळावरचे सगळे तंटे त्यांच्यापुढे यायचे आणि मिटूनच जायचे. हा तर घरातला.

३

पहिला नंबर पोटच्या पोराचा. तो गॅरेजमध्ये गाडीच्या टपावर सामानाची पेटी बसवत होता.

“उत्कर्ष, लाज कोणाला वाटत होती?”

“कसली?”

“आई कॅसिनोत चकती लावणार ह्याची.”

“वाटत होती. जा, वाटत होती.” इथलं ‘जा’ म्हणजे ‘हो’. पहिले काही दिवस कुसुमबाईंना वाटायचं, मुलगा हाकलतोय. “पण मला ती लपवायची असती तर तिकिटं कशाला काढली असती? शुक्रवारी सकाळची आहेत. फोनवर बघ.”

“फोन खोटं बोलत नाही, माणूस बोलतो.”

“आई, मी सकाळपासून माझी हातोडी शोधतोय. डोकं आधीच फिरलंय.”

ही हातोडी तबल्याची. यशवंतरावांनी त्याला शाळेत असताना आणून दिलेली, पितळी डोक्याची. अंबरनाथहून पुण्याला, पुण्याहून इथे, ती त्याच्याबरोबर हिंडली होती. कुसुमबाईंनी तेव्हा ते ऐकलं आणि सोडून दिलं. पुरुषमाणसाला त्याची वस्तू कधी सापडली आहे?

दुसरी सून. शिवांगी कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने घडी मोडली, पण नजर चुकवली नाही.

“खरं सांगू, आई? ऐकल्यावर पहिल्यांदा वाटलं, बरं झालं. मुलांसमोर ते टेबल, ती चकती. नको वाटत होतं.”

“अस्सं.”

“मग वाटलं, तुम्ही आला नाहीत तर ही सुट्टी कोणाच्या घशाखाली उतरेल? रिकामी खोली बघून अन्वी सारखी रडेल. मी कशाला घेऊ?”

बाई तोंडावर बोलली म्हणजे हात स्वच्छ. कुसुमबाईंचा हा ठोकताळा होता आणि सासू म्हणून त्यांनी तो स्वतःवरही तपासून बघितला होता.

“तुझं काही गेलंय का गं?”

“नाही. म्हणजे…” शिवांगीने टेबलाचा खण उघडला आणि तशीच उभी राहिली. “माझ्या आजीचा चांदीचा करंडा. इथेच असतो. काल होता.”

शेजारीच तिच्या सोन्याच्या बांगड्या होत्या. त्यांना कोणी हातही लावला नव्हता.

४

सोनं सोडून करंडा नेणारा चोर कुसुमबाईंनी पहिल्यांदाच ऐकला. पण माणसाचं मन सोप्या वाटेने जातं. घरात एकच माणूस नवा होता. आणि तोच काल रात्री सोफ्यावर पडून मोबाइलवर पत्ते खेळत होता.

“गौरांग, काय खेळतोस रे त्यात?”

“रमी, आत्याआजी. टाइमपास.”

“खरे पैसे लावून?”

पोराचा चेहरा उतरला. त्याने पाठीवरची पिशवी आणली आणि गालिच्यावर पालथी केली. लॅपटॉप, मोजे, अर्धा खाल्लेला ब्रेड, प्रयोगशाळेचा पांढरा कोट. चकती नाही. पाकीट सोफ्यावर उघडंच पडलं होतं, त्याला कोणी हात लावला नव्हता. मग तो एकेक वस्तू परत भरू लागला.

“मी दुपारच्या गाडीने जातो. तुळशीला पाणी घालायला दुसरं कोणी बघा.”

माहेरचं रक्त. त्याच्या आजोबाला कुसुमबाईंनी कडेवर वाढवलेलं. एवढ्यात देवघराकडून आवाज आला.

“त्या पोराला काही बोलू नका. त्याने नाही घेतली.”

ऊर्मिलाबाई होत्या. हातात निरांजन होतं.

“तुम्हाला काय माहीत?” कुसुमबाईंनी विचारलं.

“मी जामीन.”

“जामीन नंतर. तुम्ही घेतलीत का?”

“चोरी मी बापजन्मात केली नाही, विहीणबाई.” एवढं बोलून त्या देवाकडे तोंड करून बसल्या. उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवर फिरू लागला.

कुसुमबाई बघत राहिल्या. नळावर इतकी वर्षं काढल्यावर एक गोष्ट कळते. ज्याला काही ठाऊक नसतं तो म्हणतो, “असेल, नसेल, देव जाणे.” खात्रीने ‘नाही’ म्हणणाऱ्याला खरं काय ते ठाऊक असतं.

“गौरांग, पिशवी ठेव खाली,” त्या म्हणाल्या. “थालीपीठ लावते. माझ्या जिभेला हाड नाही हे तुझ्या आजोबाने सांगितलं नव्हतं का?”

“सांगितलं होतं,” गौरांग म्हणाला आणि पहिल्यांदा हसला. “म्हणूनच लोण्याचा डबा घेऊन आलोय.”

५

थालीपिठांवर सगळे जमले तेव्हा अन्वी रडवेली होऊन आली. तिचा पोहण्याचा बिल्ला नव्हता. इथे मूल पहिल्यांदा एकट्याने तलाव ओलांडून पोहलं की समुद्रघोड्याचं चित्र असलेला बिल्ला मिळतो. अन्वीने तो पोहायच्या कपड्यावर न शिवता उशाखाली ठेवला होता.

“वेर निम्ट डेन सोवास?” ती म्हणाली. मग आजीकडे वळून मराठीत, “आजी, असं कोण घेतं?”

“तेच बघतेय, बाळ.”

हातोडी, करंडा, बिल्ला, चकती. बाजारात ह्यातल्या कशाला कोणी विचारणार नाही. घरात मात्र ह्याहून मोलाचं काही नाही. कुसुमबाईंनी तव्यावरचं थालीपीठ उलटलं आणि विहानकडे बघितलं. पोरगं मजेत लोणी चाटत होतं.

“विहान, तुझा ससा कुठे आहे रे?”

हा ससा एका कानाचा. दुसरा कान दात येताना विहानने खाल्ला होता. ससा धुवायला टाकला तरी हा यंत्रासमोर बसून रडायचा. आज सकाळपासून ससा कोणी पाहिला नव्हता, आणि पोर रडत नव्हतं.

“एर इस्ट शोन फेरराइस्ट,” विहान म्हणाला आणि पुढचा घास मागितला.

“काय म्हणतो?”

“म्हणतो, ससा आधीच ट्रिपला गेला,” अन्वीने सांगितलं. “वेडा आहे तो.”

उत्कर्ष हसला. शिवांगी म्हणाली, “ह्याचं कुठे मनावर घेता, आई.” गौरांगने चौथं थालीपीठ घेतलं. ऊर्मिलाबाईंनी मात्र पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला.

कुसुमबाईंच्या हातातलं उलथणं थांबलं. तव्यावर धूर निघाला तरी त्यांना कळलं नाही. कुठून तरी, फार लांबून, अंबरनाथच्या क्वार्टरमधला एक सकाळचा वास आला. ओल्या शेणाचा आणि उदबत्तीचा.

“आई! जळतंय!”

“जळू दे,” कुसुमबाई म्हणाल्या. “चोर सापडला.”

६

पण त्या कोणाचं नाव बोलल्या नाहीत. हात धुतले आणि बाल्कनीत गेल्या. “विहीणबाई, जरा बाहेर या. ऊन छान पडलंय.”

ऊर्मिलाबाई आल्या. कुसुमबाईंनी मागचं काचेचं दार ओढून घेतलं.

“मी तीन इयत्ता शिकले. तेव्हा चुकलं तर सांगा. घरातल्या प्रत्येकाची एकच वस्तू गेली. महागाची नाही, जिवाची. गौरांगचं पाकीट उघडं पडलं होतं, त्याचं काही गेलं नाही. का? तर तो उद्या आपल्याबरोबर येत नाही. म्हणजे चोराने फक्त जाणाऱ्यांच्या वस्तू उचलल्या.”

ऊर्मिलाबाई कुंडीतल्या पानांकडे बघत होत्या.

“कोयरीत अक्षता टाकल्या. कुंकवाचं भांडं रिकामं ठेवू नये एवढी रीत चोराला ठाऊक. म्हणजे चोर आपल्यातला, आणि जुन्या वळणाचा. उद्या वार कोणता? गुरुवार. जायचं कुठे? दक्षिणेला. गुरुवारी दक्षिणेला दिशाशूळ, तिकडे निघू नये. रविवारी तुम्ही दिवस बदला म्हणालात आणि मी तुमची चेष्टा केली. आता शेवटचं. सकाळपासून तुम्ही जप बोटांवर करताय. तुम्हीही उद्या येताय, तेव्हा तुमचीही जिवाची वस्तू गेली असणार. विहीणबाई, तुमची माळ कुठे आहे?”

ऊर्मिलाबाईंनी पदराने नाक पुसलं.

“नका सांगू,” कुसुमबाई म्हणाल्या. “बोललं की मोडतं, असंच ना? आमच्याकडेही तसंच मानायचे.”

वाईट दिवशी निघणं टळत नसेल, तर आदल्या चांगल्या वेळी प्रत्येकाच्या आवडीची एकेक वस्तू जायच्या दिशेला, दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. मग प्रवास तेव्हाच सुरू झाला असं धरतात. वाईट दिवशी आपण निघत नाही, नुसते पुढे जातो. ह्याला प्रस्थान ठेवणं म्हणतात. यशवंतराव जर्मनीला निघाले तेव्हा सासूबाईंनी तसंच केलं होतं. वार कोणता होता ते कुसुमबाईंना आठवेना. आठवत होतं ते एवढंच, की सासूबाईंनी त्यांच्या हातात यशवंतरावांचा पत्त्यांचा जोड दिला होता, रुमालात बांधून, आणि म्हणाल्या होत्या, “पलीकडच्या लायनीत ठेवून ये. मागे वळून बघू नकोस.” कुसुमबाई त्या वेळी तिशीच्या आतल्या. सारवलेल्या ओल्या अंगणातून अनवाणी गेल्या होत्या. घरी आल्यावर यशवंतराव हसले होते, “म्हणजे मी निघालो म्हणायचं? मग अजून चहा कसा पितोय?” आणि दुसऱ्या दिवशी टॅक्सीत बसण्याआधी मुकाट्याने जाऊन जोड घेऊन आले होते.

इतकी वर्षं हे कुठे होतं? कुसुमबाईंनी डोळ्यांवर हात धरला.

दक्षिण कुठली हे बाल्कनीत पापड वाळवणाऱ्या बाईला विचारावं लागत नाही. दुपारभर ऊन जिकडून येतं ती. तिकडे समोर मुलांची वाळूची खेळायची जागा, तिच्यापलीकडे कुंपण आणि कुंपणाच्या आड तांबड्या कौलांचं एक घर. फ्राऊ केसलरचं, म्हणजे केसलरबाईंचं. महिनाभर ऊर्मिलाबाई तिला शंकरपाळे पोचवत होत्या आणि ती परत केक पाठवत होती. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता.

कुसुमबाईंनी चपला घातल्या.

७

फ्राऊ केसलर ऐंशीच्या पुढची, ताठ कण्याची. तिने दार उघडलं, कुसुमबाईंना ओळखलं आणि आत घेतलं. काचेच्या कपाटावर एक थाळी होती, वर स्वच्छ इस्त्रीचा रुमाल. कुसुमबाईंनी रुमालाचं टोक उचललं.

हातोडी. करंडा. समुद्रघोड्याचा बिल्ला. एका कानाचा ससा. तुळशीची माळ. आणि सशाच्या पोटाशी टेकलेली लाल चकती.

कुसुमबाईंचा हात पुढे गेला. त्याच क्षणी त्यांच्या मनगटावर एक थंड, सुरकुतलेला हात पडला.

“नाइन,” फ्राऊ केसलर म्हणाली. “मोर्गन.”

नाइन म्हणजे नाही आणि मोर्गन म्हणजे उद्या, एवढं जर्मन कुसुमबाईंना येत होतं. बाईच्या चेहऱ्यावर शंका नव्हती. तिला काय सांगितलं होतं ते तिने पुरतं ऐकलं होतं, आणि ती तसूभरही हलणार नव्हती.

कुसुमबाईंना राग यायला हवा होता. वस्तू त्यांची, नवरा त्यांचा. आवाज चढवला असता तर ही म्हातारी काय टिकली असती? पण मागे पावलं वाजली. ऊर्मिलाबाई धापा टाकत येऊन पोचल्या होत्या.

“घ्या,” त्या दारातूनच म्हणाल्या. “तुमची आहे, घ्या. मोडलं तर मोडलं. मला कळत होतं तुम्हाला किती लागेल ते. पण उत्कर्षराव गाडी चालवतात की विमान? दोन्ही पोरं एकाच गाडीत, विहीणबाई. मला झोप लागत नव्हती. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही हसला असतात.”

“हसले असते,” कुसुमबाई म्हणाल्या. “भरपूर.”

“विहानला सांगावं लागलं, नाही तर तो रडून घर डोक्यावर घेता. बाकी कोणाला नाही. काल हिला जर्मनमध्ये समजावलं तेही विहाननेच, आणि आज तुम्ही उठायच्या आधी मी वस्तू आणून ठेवल्या.”

“आणि माझं म्हणून ही चकतीच का घेतलीत? चष्मा होता, शाल होती.”

ऊर्मिलाबाई गोंधळल्या. “जिवाची वस्तू लागते ना. तुम्ही रोज रात्री ती हातात धरून बसता. मी शेजारच्या पलंगावर असते. दिसतं मला.”

कुसुमबाईंनी रुमालाचं टोक थाळीवर परत ओढलं, सुरकुती सरळ केली.

“उद्या,” त्या फ्राऊ केसलरला म्हणाल्या. “मोर्गन. गेनाऊ, अगदी बरोबर.”

घरी येऊन त्यांनी जाहीर केलं, “चकती कुठे आहे ते मला कळलं. उद्या सकाळी दिसेल. तुमच्याही वस्तू दिसतील. आता ह्याउपर कोणी तोंड उघडलं तर चौकशी मी परत सुरू करेन. आणि गौरांगला रात्री पुरणपोळी आहे, बाकीच्यांना उरली तर.”

“म्हणजे तू येतेस?” उत्कर्षने विचारलं.

“मी निघाले पण. तूच मागे आहेस.”

गुरुवारी सकाळी गाडी तांबड्या कौलांच्या घरापाशी थांबली. फ्राऊ केसलरने दारातच ज्याची त्याची वस्तू ज्याच्या त्याच्या हातात दिली. उत्कर्षने काही विचारायला तोंड उघडलं, आईकडे बघितलं आणि मिटलं. आउटोबानवर सणाची अशी काही गर्दी होती की गाड्या बैलगाडीच्या चालीने सरकत होत्या. उत्कर्ष चडफडत होता. मागे ऊर्मिलाबाई माळ ओढत समाधानाने बसल्या होत्या.

“बघा,” त्या कुसुमबाईंच्या कानाशी म्हणाल्या, “आता आहे का बिशाद वेगाची!”

८

शुक्रवारी सकाळी कॅसिनोची दालनं रिकामी होती. झुंबरं होती, आणि यशवंतरावांनी सांगितलं होतं त्याहून मोठी होती. लाल भिंती, सोनेरी चौकटी, हिरव्या कापडाची लांब टेबलं. दालनं दाखवणारी तरुण मुलगी भराभर माहिती सांगत होती आणि अन्वी त्यातलं निम्मं मराठीत करत होती. कुसुमबाईंचं लक्ष नव्हतं. त्या शोधत होत्या, उसना टाय बांधलेला एक माणूस तेव्हाच्या गर्दीत कुठल्या खांबाशी उभा राहिला असेल.

शेवटच्या टेबलापाशी मुलांना गंमत म्हणून ती मुलगी चाक फिरवून दाखवणार होती. कुसुमबाई पुढे झाल्या. त्यांनी मुठीतली चकती उघडून दाखवली.

मुलीने ती हातात घेतली, उलटसुलट केली, भुवया उंचावल्या. “ती म्हणते, ही खूप जुनी आहे,” अन्वी म्हणाली. “आता चालत नाही. पण गंमत म्हणून लावा म्हणते.”

हिरव्या कापडावर आकडे होते. आकडे कुसुमबाईंना येत होते. सव्वीसवर त्यांनी चकती ठेवली. अंबरनाथच्या क्वार्टरचा नंबर सव्वीस.

चाक फिरलं. पांढरी गोळी कडेने धावली, अडखळली, टणटण उड्या मारत खाली आली. सव्वीसच्या घरात क्षणभर बसल्यासारखी झाली आणि शेजारच्या शून्यात जाऊन पडली.

“अरेरे!” उत्कर्ष एकदम म्हणाला. त्याला लाज वगैरे काही आठवत नव्हती. शिवांगीने त्याचा दंड धरला होता.

मुलीने हसून चकती उचलली आणि कुसुमबाईंपुढे धरली.

“आजी, ती म्हणते, हा खरा खेळ नव्हता. घेऊन जा.”

“तिला सांग, आमच्या घरात हरल्यावर डाव परत मागत नाहीत.”

अन्वीने सांगितलं. जरा जास्तच वेळ सांगितलं, त्यात आजोबाही आले असावेत, कारण मुलीचं हसणं थांबलं. तिने चकती पुन्हा सव्वीसवर ठेवली. मग टेबलाशी टेकवलेली लांब दांडी घेतली आणि खेळ भरात असताना करतात तसं, शांतपणे, चकती हिरव्या कापडावरून ओढत आपल्या बाजूला नेली.

ऊर्मिलाबाईंनी कुसुमबाईंचा हात घट्ट धरला. “विहीणबाई, गेली हो.”

“गेली. जोडीने आलो, लावली, हरलो.” कुसुमबाईंचा आवाज जराही हलला नाही. “किती गुपचूप हरतात म्हणायचे. मला काही जमत नाही गुपचूप.” आणि त्या इतक्या मोठ्याने हसल्या की पलीकडच्या दालनातला माणूस डोकावून गेला.

“नॉखमाल!” विहान ओरडला. “नॉखमाल, आजी!”

“पुन्हा म्हणतोय,” अन्वी म्हणाली.

“पुन्हा नाही. आता डोंगरावरची गाडी. आणि खिडकीशी मी बसणार, आधीच सांगून ठेवते.”